साखळी आणि दोर : भार वाहण्याच्या दोन रीती

(प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सामान्य विज्ञानातील एखादा विषय आपणांपुढे मांडावा, अशी सूचना मला झाली तेव्हा एखाद्या नवलाईच्या यंत्राची माहिती सांगावी, असा मोह प्रथम झाला. परंतु ज्या वस्तू शाळेच्या आवारात, गोठ्यात, विहिरीवर आणि बंदरात आपण रोज पाहतो, त्यांच्याविषयी मुलांना विचार करावयास लावणे हे शिक्षकाचे पहिले काम होय. म्हणून आज मी साखळी आणि दोर ह्या दोन साध्या वस्तू निवडल्या आहेत. दोहोंचे काम एकच, ते म्हणजे ओढ सहन करणे. साखळीने वा दोराने कशालाही ढकलता येत नाही. फक्त ओढता येते, टांगता येते, बांधता येते. काम एक असूनही ते करण्याची दोघांची रीत अगदी भिन्न आहे. ती भिन्नता कळली म्हणजे गलबतावर डोलकाठी दोरांनी का तोलतात आणि मोठ्या जहाजाचा नांगर मात्र साखळीने का धरतात, हे उमगते. आपल्या वर्गाकडे पाहण्याची दृष्टीही त्यामुळे थोडी बदलते, असा माझा अनुभव आहे.

हा विषय मला सुचण्यास एक जुना प्रसंग कारणीभूत आहे. मी तरुण शिक्षक असताना ज्या शाळेत होतो, तेथे आवारात एक विहीर होती व मुलांसाठी एक झोपाळा होता. विहिरीचा दोर काथ्याचा आणि झोपाळ्याच्या साखळ्या लोखंडी. दर शनिवारी शाळा सुटल्यावर मी विहिरीचा दोर हातातून सरकवून पाहत असे. कोठे काथ्या फुटला आहे, कोठे पेड सैल झाला आहे, हे बोटांना कळे आणि दोर जीर्ण झाला की आम्ही तो बदलून टाकीत असू. झोपाळ्याच्या साखळ्यांकडे मात्र मी दोन वर्षांत एकदाही पाहिले नाही. लोखंडाला काय होणार, हा माझा समज होता. एके दिवशी मधल्या सुट्टीत साखळीची एक कडी तुटली आणि चौथीतील एक मुलगी खाली पडली. तिचे मनगट मोडले. हाड पुढे सांधले, परंतु तुटलेली कडी मी हातात घेतली तेव्हा मला जी लाज वाटली, ती अद्यापि गेलेली नाही. जेथे कडीवर कडी घासते, त्या आतल्या वाकाशी लोखंड झिजून काडीएवढे उरले होते. बाकीच्या साऱ्या कड्या धडधाकट होत्या. त्यांच्या धडधाकटपणाचा त्या मुलीला काहीही उपयोग झाला नाही. ती चूक सर्वस्वी माझी होती, आणि तिच्यातूनच हा विषय मी शिकलो.

आता मूळ तत्त्वाकडे वळू. साखळीतील कड्या एकापुढे एक अशा ओवलेल्या असतात. खाली २० किलो वजन टांगले, तर ते २० किलो पहिल्या कडीवर येते, दुसरीवर येते, शंभरावीवरही तेवढेच येते. (साखळीचे स्वतःचे वजन तूर्त बाजूस ठेवू.) कड्या वाढविल्याने भार वाटला जात नाही. प्रत्येक कडीला सगळा भार एकटीने वाहावा लागतो. म्हणून सर्वांत कच्ची कडी जेवढा भार सोसेल, तेवढाच सगळी साखळी सोसते. ह्याचा दुसरा परिणाम सहसा ध्यानात येत नाही. साखळी जितकी लांब, तितकी तिच्यात एखादी कच्ची कडी असण्याची भीती अधिक. समजा, प्रत्येक कडी निर्दोष असण्याची शक्यता शेकडा ९९ आहे. एका कडीच्या बाबतीत हा आकडा समाधानकारक वाटतो. परंतु अशा १०० कड्यांची साखळी सर्वस्वी निर्दोष असण्याची शक्यता शेकडा ३७ पेक्षाही थोडी कमीच भरते. वरच्या वर्गातील मुलांना गुणाकाराचे सामर्थ्य दाखवावयाचे असेल, तर ह्याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

दोराची गोष्ट निराळी. दोरात तंतू एकाशेजारी एक असतात आणि भार सर्वांत विभागला जातो. समजा, १०० धागे आहेत, प्रत्येक धागा एक किलो भार सोसतो आणि खाली ५० किलो वजन टांगले आहे. प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा किलो आला. दहा धागे तुटले, तर उरलेल्या ९० धाग्यांवर प्रत्येकी सुमारे ५५६ ग्रॅम येतील, दोर टिकेल. चाळीस तुटले, तर प्रत्येकी सुमारे ८३३ ग्रॅम. दोर अजूनही टिकेल, पण आता तो कुरकुरू लागेल, त्यावर तुटक्या धाग्यांची कुसळे दिसू लागतील. पन्नास तुटले की प्रत्येकावर पूर्ण एक किलो आला आणि सहनशक्तीची सीमा गाठली गेली. त्यानंतर एक जरी तुटला, तरी बाकीचे सारे पाठोपाठ जातील. म्हणजे दोर चांगला मोठा अवधी देतो व सूचना देतो. परंतु ती सूचना पाहणारा कोणी नसेल, तर शेवटी तोही एकदमच तुटतो.

ह्या ठिकाणी एक शंका चाणाक्ष मुलगा विचारील, आणि त्याने विचारावी अशीच ती आहे. काथ्याचा वा अंबाडीचा एक तंतू पाहिला, तर तो फार लांब नसतो. मग अशा आखूड तंतूंपासून शेकडो हात लांब दोर कसा होतो? तंतू एकमेकांना कोठेही चिकटविलेले नसतात. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या दोन नव्या शास्त्रांवरील संवादग्रंथात नेमकी हीच शंका उपस्थित केली आहे. तिचे उत्तर पिळात आहे. दोर ओढला की पिळामुळे तंतू एकमेकांवर दाबले जातात. जितकी ओढ अधिक, तितका दाब अधिक आणि तितके घर्षणही अधिक. त्यामुळे एक तंतू संपला, तरी त्याचा भार शेजारचे तंतू उचलून घेतात. बंदरात धक्क्यावरच्या खुंटाला दोराचे वेढे देऊन एकटा खलाशी मोठे तारू धरून ठेवतो, त्याचेही मर्म हेच. घर्षण मध्यम धरले, तर एका वेढ्याने हातातील जोर सुमारे साडेसहा पट होतो, दोन वेढ्यांनी सुमारे ४३ पट आणि तिसऱ्या वेढ्याने २८० पटींहून अधिक. वेढे वाढतात बेरजेने, जोर मात्र वाढतो गुणाकाराने.

दोर वळणाऱ्याची आणखी एक युक्ती पाहण्याजोगी आहे. तंतूंना एका दिशेने पीळ देऊन सूत करतात. अनेक सुते उलट दिशेने पिळून पेड करतात. आणि तीन पेड पुन्हा उलट दिशेने वळून दोर सिद्ध होतो. प्रत्येक पीळ उलगडू पाहतो, पण त्याचे उलगडणे म्हणजे दुसऱ्याचे आवळणे. अशा रीतीने एकाची ओढ दुसऱ्यास घट्ट करते आणि दोर आपणहून सुटत नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असे आपण हट्टी माणसाला उद्देशून म्हणतो. पण सुंभाचे सारे बळ त्या पिळातच असते, हेही मुलांना सांगावे.

ह्यावरून दोर म्हणजे काय, हे नीट सांगता येते. कोणताही एक धागा लांबीच्या दिशेने पाहिला, तर तो साखळीच आहे. त्याचा सर्वांत बारीक भाग तुटला की तो तुटला. असे अनेक धागे शेजारी शेजारी ठेवून घर्षणाने बांधले, की एका जागच्या तुटण्याचे नुकसान तेवढ्या जागेपुरते राहते. थोड्या अंतरावर तोच धागा पुन्हा कामास लागतो. दोर म्हणजे एकमेकांना सांभाळून घेणाऱ्या अनेक साखळ्या, असे म्हणावयास हरकत नाही.

आता जहाजाकडे येऊ. शिडाच्या जहाजावर दोरांचे दोन प्रकार असतात. एक स्थिर दोर, जे डोलकाठीला पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी ताणून धरतात. दुसरे चल दोर, ज्यांनी शिडे चढवितात, उतरवितात आणि वाऱ्यानुसार फिरवितात. वारा शिडावर रेटा देतो तेव्हा डोलकाठी तरफेप्रमाणे लवू पाहते. वाऱ्याकडील बाजूचे दोर ती ओढ पेलतात आणि दुसऱ्या बाजूचे सैल पडतात. डोलकाठीच्या माथ्यावर १०० किलोचा आडवा रेटा आला आणि बाजूचा दोर डोलकाठीशी ३० अंशांचा कोन करीत असेल, तर त्या दोरात २०० किलोंचा ताण येतो. तोच कोन १५ अंशांचा असेल, तर ताण सुमारे ३८६ किलो होतो. जहाज अरुंद असल्याने हे कोन लहान असतात. म्हणून अशा प्रत्येक बाजूस एकच जाड दोर न लावता अनेक दोर लावतात. ह्याचा अर्थ असा की, जे तत्त्व दोराच्या आत आहे, तेच जहाजाच्या संपूर्ण सरंजामात पुन्हा आले. एक दोर तुटला, तरी शेजारचे दोर डोलकाठी सावरतात आणि तेवढ्या वेळात खलाशी नवा दोर बांधू शकतात. १७६५ साली पाण्यात उतरलेल्या व्हिक्टरी ह्या ब्रिटिश युद्धनौकेवर सुमारे ४२ किलोमीटर लांबीचे दोर होते, ह्यावरून हा पसारा केवढा असे, ह्याची कल्पना येईल.

आपल्या कोकण किनाऱ्याला काथ्याच्या दोराची जुनी ओळख आहे. काथ्या खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नाही, हलका असल्याने तरंगतो आणि ताणला असता बराच लांबतो. म्हणून लाटेचा हिसका तो सोशिकपणे झेलतो. हिंदी महासागरातील पुष्कळ जुनी गलबते लोखंडी खिळ्यांनी नव्हे, तर काथ्याने फळ्या शिवून बांधीत. अजिंठ्याच्या एका भित्तिचित्रातील जहाजाच्या आधारे असेच एक शिवलेले जहाज गोव्यात बांधण्यात आले आणि २०२५ साली कारवार येथे ते कौंडिण्य ह्या नावाने भारतीय नौदलात दाखल झाले. शिवणीतही तत्त्व तेच आहे. फळीवरचा भार एका खिळ्यावर न पडता अनेक टाक्यांत विभागला जातो.

मग प्रश्न असा उद्भवतो की, दोर जर इतका गुणी, तर नांगराला साखळी का? पूर्वी नांगराचा दोरही अंबाडीसारख्या वाखाचाच असे. मोठ्या युद्धनौकेवर त्याचा घेर सुमारे ६० सेंटिमीटरपर्यंत जाई. परंतु तो समुद्रतळाच्या खडकांवर घासून तुटे, ओला होऊन कुजे आणि ठेवावयास फार जागा लागे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सॅम्युएल ब्राउन नावाच्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने लोखंडी साखळीचा पुरस्कार केला. १८०६ च्या सुमारास पेनेलोपी नावाचे जहाज त्याने साखळ्यांनी सज्ज केले. नांगराचा दोर तर त्याने बदललाच, शिवाय डोलकाठीच्या दोरांच्या जागीही लोखंड आणले. पुढे अनुभवाने जो निवाडा केला तो मननीय आहे. नांगराची साखळी जगभर मान्य झाली आणि ती आजही आहे. डोलकाठीवर मात्र साखळीने दोराची जागा घेतली नाही.

ह्याचे कारण ह्या दोन ठिकाणच्या कामांत आहे. नांगराच्या बाबतीत साखळीचे वजन हा दोष नसून गुण आहे. पाण्याच्या खोलीच्या तीन ते पाच पट साखळी सोडतात. तिचा पुष्कळसा भाग तळावर पडून राहतो, त्यामुळे नांगरावरची ओढ वर न लागता आडवी लागते आणि नांगर रुतून राहतो. जहाजाने हिसका दिला की झोल खाल्लेली साखळी प्रथम वर उचलली जाते, आणि तो हिसका तिचे वजन उचलण्यात खर्ची पडतो. खडकाने ती सहज कापली जात नाही. डोलकाठीवर मात्र तेच वजन घातक ठरते. वरचा भार वाढला की जहाज कलंडू लागते. शिवाय ताणून बांधलेल्या साखळीत झोल नसतो आणि लोखंड काथ्याप्रमाणे लांबत नाही. त्यामुळे वाऱ्याचा प्रत्येक झटका कडीवर हातोड्यासारखा बसतो. आणि कडी तुटली, तर ती पूर्वसूचना न देता तुटते. तात्पर्य, साखळी चांगली की दोर चांगला, हा प्रश्नच अपुरा आहे. कोठे, कशासाठी आणि तुटल्यास काय होईल, हे विचारल्याखेरीज त्याचे उत्तर देता येत नाही.

साखळीच्या ह्या स्वभावावर माणसाने दोन उपाय शोधले. पहिला उपाय तपासणीचा. साखळीतील प्रत्येक कडी पूर्ण भार वाहते, म्हणून प्रत्येक कडीची परीक्षा झालीच पाहिजे. ब्रिटिश संसदेने १८६४ साली जहाजाच्या साखळ्या व नांगर ह्यांची चाचणी आणि विक्री ह्यांसंबंधी स्वतंत्र कायदाच केला. येथे साखळीची बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. साखळीची प्रत्येक कडी डोळ्यांना दिसते, मोजता येते, तपासता येते. दोराच्या पोटात काय कुजले आहे, हे वरून दिसत नाही. साखळी तपासणाऱ्यापासून काहीही लपवीत नाही. न तपासणाऱ्याला मात्र ती दगा देते.

दुसरा उपाय म्हणजे लोखंडाचाच दोर करणे. जर्मनीतील हार्झ पर्वतातील खाणींत खोल विवरातून खनिज वर काढण्यास साखळ्या वापरीत, आणि त्या अवचित तुटत. विल्हेल्म आल्बर्ट हा तेथील खाण अधिकारी होता. १८२९ च्या सुमारास त्याने साखळ्यांवर पुनःपुन्हा भार देऊन प्रयोग केले आणि एका वेळी सहज सोसला जाणारा भार वारंवार दिल्यास धातू थकून तुटतो, हे पाहिले. १८३४ साली त्याने क्लाउस्थाल येथील खाणीत तारांचा दोर वापरावयास आणला. प्रत्येकी साडेतीन मिलिमीटर जाडीच्या चार तारांचा एक पेड आणि असे तीन पेड, म्हणजे अवघ्या बारा तारा. लोखंडाचे बळ आणि दोराची विभागणी ह्यांचा हा संयोग होता. पुढे जहाजांवरही डोलकाठीला असाच तारदोर आला. मुंबईचा वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ साली खुला झाला. त्याचा भार पेलणाऱ्या तिरक्या केबलीसुद्धा अनेक पोलादी तारांच्याच आहेत.

ह्या दोन रीतींतील अंतर किती भयंकर ठरू शकते, हे दोन पुलांच्या इतिहासावरून दिसते. अमेरिकेत ओहायो नदीवर १९२८ साली सिल्व्हर ब्रिज नावाचा झुलता पूल बांधला गेला. तो लांब पोलादी पट्ट्यांच्या साखळीवर टांगलेला होता आणि साखळीच्या प्रत्येक दुव्यात फक्त दोन पट्ट्या होत्या. १५ डिसेंबर १९६७ च्या संध्याकाळी, रहदारी भरात असताना, एका पट्टीच्या डोळ्याशी असलेली चीर फाकली. ती चीर अवघी अडीच मिलिमीटर खोल होती. एक पट्टी गेली, जोडीदार निसटला आणि सुमारे एका मिनिटात सबंध पूल नदीत कोसळला. ४६ माणसे मृत्यू पावली. त्यानंतर त्या देशात पुलांच्या नियमित तपासणीची पद्धत सुरू झाली.

दुसरा पूल न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल. तो १८८३ साली खुला झाला. त्याच्या चार मुख्य केबलींपैकी प्रत्येकीत पाच हजारांहून अधिक तारा आहेत. बांधकाम चालू असता, १८७८ साली, तार पुरविणाऱ्याने लबाडीने हलक्या प्रतीची तार दिल्याचे उघडकीस आले. ती तार केबलीत विणली गेली होती आणि काढणे शक्य नव्हते. अभियंता वॉशिंग्टन रोब्लिंग ह्याने मुळातच आवश्यकतेच्या सहापट बळ धरले होते. त्याने हिशेब करून प्रत्येक केबलीत सुमारे १५० चांगल्या तारा अधिक घालावयास लावल्या. ती हलकी तार आजही त्या पुलात आहे, आणि पूल उभा आहे. एके ठिकाणी अडीच मिलिमीटरांच्या चिरेने पूल गेला. दुसऱ्या ठिकाणी शेकडो सदोष तारा चांगल्या तारांनी सांभाळून घेतल्या.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे सारे केवळ सांगून मुलांना पटणार नाही. ते हाताने करून पाहिले पाहिजे. त्यासाठी विनाखर्चाचे चार प्रयोग सुचवितो.

पहिला प्रयोग. जुन्या वहीच्या कागदाच्या दोन सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापून त्यांची दहा कड्यांची साखळी करावी. एक कडी मात्र एक सेंटिमीटर रुंद पट्टीची ठेवावी. खाली डबा टांगून त्यात हळूहळू वाळू ओतावी. कोठे तुटणार, हे मुलांकडून आधी लिहवून घ्यावे. मग रुंद कड्या वाढवून साखळी वीस कड्यांची करावी आणि बळ वाढते का, ते पाहावे.

दुसरा प्रयोग. शिवणाचे दहा धागे एकाच लांबीचे घेऊन डबा टांगावा व थोडी वाळू घालून एकेक धागा कात्रीने कापीत जावे. किती कापल्यावर डबा पडतो, ह्याची नोंद करावी. नंतर तोच प्रयोग असा करावा की, दहांपैकी एक धागा थोडा आखूड असेल. सारा भार प्रथम त्या आखूड धाग्यावर येतो व तो एकटा तुटतो. भार विभागला जाण्यासाठी सर्वांनी सारखे ताणलेले असणे आवश्यक आहे, हे ह्यावरून दिसते.

तिसरा प्रयोग. कापसाची पेळू दोन हातांनी ओढावी. ती सहज सुटते. तीच पीळ देऊन ओढावी. ह्या प्रयोगाला आणखी शब्दांची गरज पडत नाही.

चौथा प्रयोग. दोन मुलांनी दोराची टोके धरावी आणि मध्ये पाण्याची बादली अडकवावी. मुले जवळ उभी असता बादली सहज पेलते. ती जसजशी दूर जातील व दोर आडवा होत जाईल, तसतसे पेलणे कठीण होईल. बादली २० किलोंची असेल व दोर उभा असेल, तर प्रत्येकाकडे १० किलो. प्रत्येक बाजू उभ्या रेषेशी ६० अंशांचा कोन करील, तेव्हा प्रत्येकाकडे २० किलो. आणि ८० अंशांना सुमारे ५८ किलो. दोर सरळ आडवा करून दाखविणाऱ्यास बक्षीस जाहीर करावे. ते बक्षीस शिक्षकाच्या खिशातच राहील. बादली जमिनीपासून फार उंच ठेवू नये, एवढी काळजी मात्र घ्यावी.

त्याबरोबरच दोन व्यावहारिक नियम मुलांच्या मनावर बिंबवावे. दोराला गाठ मारली की त्याचे बळ बरेच घटते, कित्येक गाठींत ते जवळजवळ निम्म्यावर येते; आणि साखळी झिजते ती कडीच्या आतल्या वाकाशी, जेथे सहसा आपली दृष्टी जात नाही. शाळेत झोपाळा, फाटक, घंटा वा विहीर असेल, तर महिन्यातून एकदा मुलांना बरोबर घेऊन ही पाहणी करावी आणि दिनांकासह नोंद ठेवावी. हा विज्ञानाचा पाठही होईल आणि एखाद्या मुलाचे मनगटही वाचेल.

शेवटी आपल्या कामासंबंधी दोन शब्द बोलण्याची परवानगी घेतो. साखळी तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच बळकट, हे वचन पुष्कळ वेळा वर्गाला लावले जाते आणि मागे पडलेल्या मुलाला त्यातून उगाच दोष दिला जातो. माझ्या मते येथे उपमा चुकते. साखळी आहे ती अभ्यासक्रमाची. एकक-दशक समजले नाही तर हातच्याची बेरीज येत नाही. ती आली नाही तर गुणाकार अडतो. आणि गुणाकार अडला की भागाकाराच्या पायरीवर मूल कोसळते. आपण भागाकार पुनःपुन्हा घोटून घेतो, परंतु तुटलेली कडी तिसऱ्या इयत्तेत नसून पहिलीत असते. येथे साखळीचा नियम लावावा आणि मागे जाऊन एकेक कडी तपासावी.

वर्ग मात्र साखळी नव्हे. वर्ग हा दोर आहे. त्यात उणे-अधिक सगळे तंतू एकमेकांच्या आधाराने भार वाहतात. हुशार मुलगी शेजारच्या मुलाला पाढा समजावून देते, तेव्हा पीळ घट्ट होतो. पण दोराचा जो धोका मी वर सांगितला, तो येथेही आहे. एक तंतू तुटला तरी दोर तुटत नाही, म्हणून तो तुटलेला कोणाला कळत नाही. ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेला एखादा मुलगा, धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी राहिलेली एखादी मुलगी हजेरीपटावर काही दिवस गैरहजर दिसते. पुढे त्या गैरहजेरीची आपल्याला सवय होते. वर्ग चालूच राहतो, निकालही बरा लागतो. साखळी तुटली असती, तर आवाज झाला असता. येथे आवाज होत नाही. म्हणून विहिरीचा दोर जसा शनिवारी हातातून सरकवून पाहावयाचा, तसा आठवड्यातून एकदा हजेरीपट पाहावा, आणि ज्या नावापुढे सलग रिकाम्या जागा दिसतील त्या घरी त्याच संध्याकाळी जावे.

मी एकदा लोखंडावर विसंबून राहिलो आणि त्याची शिक्षा एका निरपराध मुलीला झाली. आपणांपैकी कोणावरही तशी वेळ येऊ नये, एवढीच इच्छा.